मदत हवी आहे : आत्याला बेळगावच्या वृद्धाश्रमात ठेवायचं आहे, कुणीच घेईना

नंदगडची लेक : दोन धर्मादाय आश्रमांत विचारलं, दोघांनीही 'बघून सांगतो' म्हटलं. आधार महाराष्ट्रातल्या चंदगडच्या पत्त्याचं आहे म्हणून असेल का? खोलीमालकाने महिनाअखेरची मुदत दिलीय. आत्याने पिशवी भरून वर तांब्याचा गडवा ठेवलाय, रोज विचारते, "कधी जायचं गे?" लवकर सांगा.

निपाणीकर : वय? चालत्या-फिरत्या आहेत का?

नंदगडची लेक : ७८. घरातल्या घरात चालते.

टिळकवाडी : आधी आधारचा पत्ता बदला. आमच्या आईचं रेशन त्यापायीच सहा महिने अडलं होतं.

चिकोडीकर : आधारचा काही संबंध नाही. फॉर्म मराठीतून मागा, कानडीत सही घेतात आणि आपल्याला कळतही नाही.

टिळकवाडी : भाषेचा वाद इथं नको ओ. त्यांना जागा पाहिजे.

हिंडलगा मंडळ : आम्हाला दिवाळीचा फराळ आश्रमात द्यायचा आहे, कुठे द्यावा?

निपाणीकर : ताई, रात्री संडासला एकट्या जातात का?

नंदगडची लेक : नाही. खिडकीचा गज धरून उठते, पुढे मी धरते.

निपाणीकर : मग तिथंच अडलंय. सासऱ्यांच्या वेळी मी सहा ठिकाणं फिरलो. स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनाच बहुतेक ठिकाणी घेतात, कारण रात्रीला माणूस नसतो. 'धरून न्यावं लागतं, घ्याल का?' असं पहिल्याच फोनला विचारा. हेलपाटे वाचतील.

शहापूरची काकू : सख्ख्या आत्याला आश्रमात कशाला? घरीच ठेव की गं.

नंदगडची लेक : काकू, माझी रात्रपाळी असते. परवा ती पहाटेपर्यंत मोरीत बसून होती. मला घरी ठेवायचं नाही असं नाही हो.

वकिली करतो : मूलबाळ? शेत कुणाकडे?

नंदगडची लेक : मूल नाही. शेत आत्याने सहा वर्षांमागे तिच्या दिराच्या मुलाला बक्षीसपत्राने दिलं. तो फोन उचलत नाही.

वकिली करतो : हे आधी सांगायचं! २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात, मूलबाळ नसेल तर मिळकत ज्याच्या ताब्यात आहे त्या वारसावर सांभाळायची जबाबदारी येते, त्याची ऐपत असेल तर. दस्तात सांभाळण्याची अट असेल आणि ती पाळली नसेल तर कलम २३ खाली बक्षीसपत्र रद्दही करता येतं. अर्ज प्रांत कार्यालयात. तोवर १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर जागेचं विचारा, मोफत आहे.

नंदगडची लेक : दस्त कानडीत आहे. मला वाचता येत नाही.

चिकोडीकर : मला येतं. नावं आणि सर्व्हे नंबर झाकून अटींच्या पानाचा फोटो व्यक्तिगत निरोपात पाठवा. आजच वाचून सांगतो.