उंची ६ फूट ४, वय १५. पोराला रिंगखालीच उभं करू का?

शिट्टीवाले_सर:
राम राम मंडळी. कोल्हापुरातल्या एका शाळेत बास्केटबॉल बघतो. यंदा नववीत एक पोरगं आलंय, ६ फूट ४ इंच आणि अजून वाढतंयच, आई म्हणती दर चार महिन्याला पँट आखूड होत्या. चांगलं काय तर हात. पास कसाबी द्या, वाकडा, उंच, टप्पा पडलेला, बॉल हातात चिकटतो. पेठेत लहानपणापासून गोलकीपर खेळलाय त्याचा फायदा (आता शाहू स्टेडियमवर सीझन लागला की हे प्रॅक्टिसला येतंय का बघायचं, फुटबॉलवाले सोडणार व्हय). ब्लॉकचं, म्हणजे समोरच्याचा शॉट हातानं अडवायचं, टायमिंगबी बरंय.
वाईट म्हणजे गुडघ्यात वाकतच नाही, रिबाउंड (रिंगवरनं परत आलेला बॉल) घेतला की बॉल पोटापर्यंत खाली आणतंय आणि साडेपाच फुटी गार्ड (बॉल पुढं नेणारा खेळाडू) येऊन हिसकावून नेतोय. समोरच्यानं शॉट मारायचं नुसतं सोंग केलं तरी उडी मारतंय, त्यामुळं हाफटाइमच्या आधीच चार फाउल, पाचव्याला बाहेर. डावा हात असून नसल्यासारखा.
जुने लोक म्हणतात रिंगखाली उभा कर आणि हात वर ठेवायला सांग, जिल्हा स्पर्धा काढशील. काढीन ओ, पण पुढं पोराचं काय? तुम्ही असता तर काय केलं असतं?

लेअप_बहाद्दर:
सर, पहिलं उंची बाजूला ठेवा आणि त्याला भिंतीला उभं करून हात वर केल्यावर बोटं कुठवर पोचतात ते मोजा. रिंग ३.०५ मीटरवर आहे, खेळात उपयोग त्या पोचेचा, डोक्याचा नाही. मग पाय बघा. हात चांगले असणं ही देणगी आहे, ती शिकवून लवकर येत नाही, पाय मात्र शिकवता येतात. जॉर्ज मायकनचं उदाहरण घ्या, ६ फूट १० इंच आणि सुरवातीला एकदम अवघडलेला, कॉलेजच्या कोचनं त्याला दोरीउड्या मारायला लावल्या, बॉक्सिंग करायला लावलं, चक्क नाचायला लावलं, आणि पुढं तोच एनबीएचा (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा) पहिला मोठा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू झाला. त्याच्या नावाचं मायकन ड्रिल रोज करून घ्या, रिंगखाली उभं राहून आलटून पालटून दोन्ही बाजूंनी बॉल टाकायचा, एकदा उजव्या हातानं, एकदा डाव्या हातानं, आणि अट एकच, बॉल हनुवटीच्या खाली आणायचा नाही. डावा हात आणि बॉल खाली आणायची खोड दोन्ही त्यातच सुटतंय. गोलकीपरचं म्हणाल तर एनबीएचा दुसरा मोठा सेंटर हकीम ओलाजुवान नायजेरियातल्या लागोसमध्ये फुटबॉलचा गोलकीपर आणि हँडबॉलवाला होता, बास्केटबॉलला लई उशिरा आला. तेव्हा फुटबॉल एकदम बंद करू नका, पाय हलतात त्यानं.

तालमीतला_पॉइंट_गार्ड:
मी जरा वेगळं बोलतो. जिल्हा हरून पोराचा विकास करतो म्हणाला तर शाळा पुढच्या वर्षी ग्राउंडबी द्यायची नाही मर्दा 😄 दोन्ही करता येतंय. आपल्याकडं फिबाचे (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचे) नियम, डिफेन्सवाल्यानं रिंगजवळ तीन सेकंदांवर नुसतं थांबायचं नाही ही भानगड नाही, ती एनबीएत आहे. म्हणजे डिफेन्सला खुशाल रिंगजवळ ठेवा, फक्त सांगा की बॉल समोरच्याच्या हातातून सुटल्याशिवाय पाय जमिनीवरून सुटायचे नाहीत, फाउल निम्मे होतील. अटॅकला मात्र त्याला फ्री थ्रो लाइनपाशी आणा आणि तिथनं पास द्यायला लावा. एनबीएतला निकोला योकिच असाच पास देतो, त्याची उडी काय मोठी आहे सांगा, २०१४ च्या ड्राफ्टला (टीमा नवे खेळाडू निवडतात तेव्हा) ४१ व्या नंबरला घेतला होता, आणि एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) किती वेळा झाला ते सगळ्यांना माहिताय. आणि ड्रिबल (बॉल टप्पे देत नेणं) शिकवाच, एनबीएतला अँथनी डेव्हिस शाळेत गार्ड होता, मग एकदम उंच झाला पण हातातलं कसब तसंच राहिलं.

गुडघेदुखी:
फिजिओ आहे, दोन गोष्टी सांगते. एवढ्या झपाट्यानं वाढणाऱ्या पोरांना गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडाला टेंगूळ येऊन दुखतं. ऑसगूड-श्लाटर म्हणतात. दुखत असेल तर उड्या आणि सिमेंटच्या कोर्टवरची धाव कमी करा, दाबून खेळवू नका. न वाकण्याचं कारण आळस नसून हेच असू शकतं, आधी विचारा त्याला. बऱ्याचदा हाडं आधी वाढतात, मांडीचे स्नायू मागं राहतात.
दुसरं, घाबरवत नाही, पण पोरगं उंच आणि फार सडपातळ असेल, बोटं लांबसडक असतील, हातांचा पसारा उंचीपेक्षा बराच जास्त असेल, घरात कुणाला हृदयाचा त्रास असेल तर एकदा डॉक्टरांना दाखवून टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. मारफान सिंड्रोम म्हणून असतो, त्यात महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) कमकुवत असते. अमेरिकेतला कॉलेज खेळाडू आयझाया ऑस्टिनला २०१४ मध्ये एनबीए ड्राफ्टच्या तोंडावर तो कळला आणि ड्राफ्टच हुकला. वर पोच मोजायला सांगितलीच आहे, तेव्हा दोन्ही हात पसरून तेही मोजा.

नाद_एकच:
सतनाम सिंग भामरा आठवा भावांनो!! पंजाबातल्या खेड्यातलं पोरगं, ७ फूट २, २०१५ च्या ड्राफ्टला एनबीएच्या डॅलस टीमनं घेतलं. आपलं का नाही? अकादमीत पाठवा सर लगेच.

तालमीतला_पॉइंट_गार्ड:
@नाद_एकच घेतलं खरं, ५२ व्या नंबरला, पण एनबीएची एकबी मॅच खेळला नाही तो. आणि ७ फूट २ वेगळं, ६ फूट ४ वेगळं. एवढ्या उंचीचे तिथं गार्ड असतात. म्हणून तर ड्रिबल म्हणतोय.

शिट्टीवाले_सर:
गुडघ्याचं विचारलं आजच. दुखतंय म्हणला, दिवाळीपासनं, टीममधनं काढतील म्हणून बोलला नव्हता. उद्या आईला बोलावलंय, डॉक्टरकडं जाऊन येतो, तोवर उड्या बंद, बसून फ्री थ्रो लाइनवरनं पासिंग आणि डाव्या हाताचं ड्रिबल. @गुडघेदुखी, खुर्चीत बसून ड्रिबल चालंल न्हवं?

गुडघेदुखी:
चालेल. पाय मात्र लांब सोडून बसू द्या, गुडघा दुमडून तासभर नको.