मदत हवी आहे : आर्लिंग्टन काउंटीच्या स्वयंसेवी अग्निशमन दलांचा इतिहास

नमस्कार. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या आर्लिंग्टन काउंटीच्या स्वयंसेवी अग्निशमन दलांवर आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी लेख लिहीत आहे. चेरीडेलचे दल 1898 सालचे. लँग्स्टन बुलेव्हार्डवरची त्याची दुमजली विटांची इमारत, खाली बंबांची जागा आणि वर गावाच्या समारंभांचे सभागृह, अजून उभी आहे. मात्र मला अधिक ओढ आहे ती हॉल्स हिलची, कारण वर्णभेदाच्या त्या काळात, 1918 मध्ये, तिथल्या कृष्णवर्णीय रहिवाशांनी स्वतःचे दल उभारले. काउंटीने 1940 पासून पगारी जवान नेमले, तरी या दलाला त्यासाठी आणखी सुमारे दशकभर थांबावे लागले, आणि ही दिरंगाई केवळ पैशांअभावी झाली असे मला वाटत नाही.

या दलांची जुनी इतिवृत्ते किंवा वर्गणीच्या वह्या कोणी अभ्यासल्या असल्यास कृपया त्या कुठे पाहायला मिळतील ते कळवावे. शिवाय हातांनी ओढायच्या होजगाडीला, म्हणजे आग विझवण्याची पाण्याची नळी वाहून नेणाऱ्या गाडीला, चपखल मराठी शब्द सुचवावा. नुसते ‘बंब’ लिहिले तर निम्म्या वाचकांना न्हाणीघरातला तांब्याचा बंबच आठवेल.