माहितीपट पाहून दृष्टी खरोखर रुंदावते का?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): आमच्या वाचनालयात दरमहा एक माहितीपट दाखवावा, असा विचार आहे, मात्र जगाची खबरबात वर्तमानपत्रातून मिळत असताना त्यासाठी वेगळा वेळ का काढावा, असे काही सभासद विचारतात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: बातमीत न मावणारे जगणे माहितीपटात निवांतपणे पाहता येते. शौनक सेन यांच्या २०२२ च्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’मध्ये दिल्लीतील दोन भाऊ तळघरात जखमी घारींवर उपचार करतात, आणि ते पाहता पाहता हवेचे प्रदूषण व शहरातील धार्मिक तणाव एकाच घरात कसे शिरतात, हे कोणत्याही भाषणाशिवाय उमगते. पंचगंगेच्या प्रदूषणाबद्दल वर्षानुवर्षे वाचणाऱ्या आपण कोल्हापूरकरांनी असे काही आवर्जून पाहावे, असे मला मनापासून वाटते.

उत्तर २: सहमत आहे, परंतु पडद्यावरचे सारे जसेच्या तसे खरे मानू नये. रॉबर्ट फ्लॅहर्टी यांच्या १९२२ च्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’मध्ये आतल्या चित्रीकरणाला उजेड मिळावा म्हणून बर्फाचे घर अर्धेच उभारले होते, आणि बंदुका वापरू लागलेल्या, उत्तर कॅनडातील बर्फाळ प्रदेशात राहणाऱ्या इनुइट लोकांना जुन्या भाल्यांनी शिकार करायला लावली होती. म्हणून प्रत्येक खेळानंतर चर्चा अवश्य ठेवावी.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. पहिला खेळ घारींच्या माहितीपटाचा, चर्चेसह ठेवण्याचे सभासदांना सुचवतो.