मदत हवी आहे: ग्रामसभेचा वाहतूक परवाना नाक्यावर चालत नाही

नमस्कार मंडळी. गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क (गावाच्या जंगलावरचा कायदेशीर हक्क) मिळालाय. वनहक्क कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे गौण वनोपजाचा (म्हणजे बांबू, तेंदूपानं वगैरेंचा) वाहतूक परवाना ग्रामसभेची समितीच देते. आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला तर २०११ मध्येच परवान्यांचं पुस्तक मिळालं होतं. तरी नाक्यावर वनखात्याचाच शिक्का मागतात. तोडलेला बांबू रस्त्याकडेला पडून आहे, काही बांबूंना भुंगा लागून खाली पिवळी भुकटी पडतेय.

दुसरा घोळ आमच्या जंगल व्यवस्थापनाच्या आराखड्याचा. कोवळे कोंब राखून जून बांबूच तोडायचं आम्ही ठरवलंय, पण वनखात्याच्या कार्य आयोजनेत (जंगलाच्या तोडीच्या आणि व्यवस्थापनाच्या योजनेत) तोडीचं चक्र वेगळंच. नियमानुसार आमचा आराखडा तिच्यात जोडायला हवा. कुणी हे लेखी मान्य करून घेतलंय का? ठरावाचा आणि परवान्याचा नमुना असेल तर कृपया पाठवा. व्यापारी फार दिवस थांबणार नाही.