'अ डेथ इन द गंज' पाहून तुम्हाला कोण आठवलं?

परवा मित्रमंडळींत 'अ डेथ इन द गंज'चा विषय निघाला आणि थोड्याच वेळात सिनेमा राहिला बाजूला. जो तो आपल्या घरातल्या कुणाबद्दल तरी बोलू लागला. एरवी कधी न बोलणारेसुद्धा. म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: कोंकणा सेन शर्माचं दिग्दर्शक म्हणून पहिलं मोठं काम, तिचे वडील मुकुल शर्मा यांच्या कथेवरून. 2016 साली टोरांटोला दाखवला, त्याच वर्षी मुंबईच्या मामी महोत्सवाची सुरुवात याच सिनेमानं झाली, आणि थिएटरात आला 2 जून 2017 ला. काळ 1979 चा. कोलकात्याहून एक कुटुंब सुट्टीसाठी आताच्या झारखंडातल्या मॅक्लुस्कीगंजला येतं. सोबत नात्यातला शुटू (विक्रांत मॅसी). तेवीस वर्षांचा, अबोल, नुकतेच वडील गेलेले. पहिल्याच प्रसंगात दोघंजण गाडीच्या डिकीतल्या प्रेताकडे बघत उभे असतात, म्हणजे कुणीतरी जाणार हे आधीच कळतं. कोण, ते इथं फोडू नका. बाकी मनमोकळं लिहा.

*ठाणे*
आईबरोबर पाहिला. प्लँचेटच्या (आत्म्याला बोलावण्याच्या खेळाच्या) प्रसंगात सगळे मिळून शुटूची फिरकी घेतात तिथं ती उठून स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं कंटाळली. रात्री जेवताना एकदम म्हणाली, "भाऊकाकांना पण असंच करायचे."

भाऊकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. कोकणातल्या घरी गणपतीला सगळी जमली की काकांचा चष्मा लपवायचा हा ठरलेला कार्यक्रम. कधी पिठाच्या डब्यात, कधी आरतीच्या ताटाखाली. काका चाचपडत घरभर फिरायचे, स्वतःही हसायचे, आणि चष्मा मिळाला की धोतराच्या सोग्यानं पीठ पुसत बसायचे. एका वर्षी विसर्जनाआधीच ते घरातून गेले. आम्हा मुलांना सांगितलं, काकांना मुंबईला नोकरी लागली. नोकरी वगैरे काही नव्हती, ते कित्येक महिने इस्पितळात होते. आईनं हे मला आत्ता सांगितलं, माझी मुलं कॉलेजात गेल्यावर. वरून "बाबांना विचारू नकोस हं."

*नागपूर*
मी थोडा विरुद्ध सूर लावतो. थ्रिलर म्हणून लावला होता. बंदूक आहे, प्लँचेट आहे, लहान मुलगी हरवते, थंडीतलं जंगल आहे, आणि तरी तासभर लोक नुसते चहा पितात, पत्ते खेळतात, एकमेकांना टोमणे मारतात. मध्यंतरापर्यंत माझा डोळा लागला होता. बायको म्हणाली, "तुला कळलाच नाही." असेल. पण प्रेक्षकाला इतकं ताटकळत ठेवायचं तर काहीतरी पदरात टाका ना.

*रांची (मूळचा साताऱ्याचा)*
नोकरीमुळे इकडे आहे, म्हणून गावाबद्दल सांगतो. मॅक्लुस्कीगंज इथून साधारण साठ किलोमीटरवर. अर्नेस्ट टिमोथी मॅक्लुस्की या कोलकात्याच्या अँग्लो-इंडियन गृहस्थानं 1933 मध्ये आपल्या समाजासाठी ही वसाहत वसवली. स्वातंत्र्यानंतर बरीच कुटुंबं इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला निघून गेली, बंगले मागे राहिले. सिनेमात रिकामपण सजावटीसारखं नाही, गावाचंच आहे. नागपूरकर म्हणतात तो संथपणा मला तरी खरा वाटला. संध्याकाळी पाचनंतर तिथं करायला असतं तरी काय? आणि घरकाम करणारं ते आदिवासी जोडपं नीट बघा. त्यांना सगळं दिसत असतं, विचारत मात्र कुणी नाही.

*पुणे*
समुपदेशनाचं काम करते. माझ्याकडे येणारी विशी-पंचविशीची मुलं "घरी त्रास आहे" असं क्वचितच म्हणतात. म्हणतात, "घरी खूप चेष्टा चालते." कबड्डीचा प्रसंग म्हणून मला फार नेमका वाटला. विक्रम (रणवीर शौरी) शुटूला खरोखर लागेल असं दाबतो, आणि बघणाऱ्यांच्या लेखी तो खेळच असतो. या घरात खलनायक कुणीच नाही. सगळी बरी माणसं आहेत, प्रेमानं जेवायला वाढतात. शुटू वडिलांचा स्वेटर घालून फिरतो ते दिसतं सगळ्यांना. पण शेजारी बसून "कसा आहेस?" विचारायला कुणाला सवड नाही. परीक्षेत नापास झाल्याचं त्यानं लपवलेलं असतं, तेवढं मात्र बरोबर बाहेर येतं.

*न्यू जर्सी*
प्राइमवर पाहिला. पंधरा वर्षांच्या मुलानं मध्येच विचारलं, "हे सगळे त्याला सॉरी का नाही म्हणत?" नवरा म्हणाला, "आपल्याकडे मोठी माणसं म्हणत नाहीत." मुलगा म्हणाला, "तू पण नाही म्हणत." मग सिनेमा थांबवून बराच वेळ वेगळाच सिनेमा चालला.

*कोल्हापूर*
मी फक्त तनुजा आणि ओम पुरी यांच्यासाठी बसलो. शोभना समर्थांची लेक आणि ओम पुरी, अशी आजी-आजोबांची जोडी परत कुठं मिळायची? ओम पुरी जानेवारी 2017 मध्ये गेले, त्यांना हा इथं लागलेला बघायलाही मिळाला नाही. कथेचं काय ते तुम्ही बोला.

*नाशिक*
ठाणेकर ताई, चष्म्याचं वाचून कसंतरीच झालं. आमच्याकडे प्लँचेटच होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत, माळ्यावर, पाटावर खडूनं अक्षरं काढून उलटी वाटी ठेवायची आणि तिघांनी बोटं टेकवायची. एकदा वाटीनं माझ्या धाकट्या आतेभावाच्या नावाची अक्षरं घेतली आणि पुढं "पाणी". पोरगं पुढं कित्येक वर्षं विहिरीकडे फिरकलं नाही, पोहायला शिकलं नाही, आणि घरात त्याला 'भित्रा' हे नाव पडलं ते पडलंच. वाटी कोण सरकवत होतं ते आम्हा सगळ्या भावंडांना तेव्हापासून माहीत आहे. आता तो थोरला दादा साठीला आलाय. सिनेमा बघितल्यावर दिवाळीत त्याला सरळ विचारलं. करंजी खात म्हणाला, "मी हातसुद्धा लावला नव्हता."