लेकुरवाळ्यांनीच पुढं यायचं?

येळ्ळूरची सून
धाकट्या जावेचं डोहाळजेवण होतं. पहाटेपासून पुरण मीच वाटलं. ओटी भरायची वेळ आली तशी मावससासूबाई म्हणाल्या, "लेकुरवाळ्यांनी या पुढं." मी ताट ठेवून आत गेले. लग्नाला 8 वर्षं झाली, माझ्या सगळ्या तपासण्या नीट आहेत. ह्यांची एकही झालेली नाही, आणि ते कुणी विचारतही नाही. "अजून काही नाही?" हा प्रश्न गावानं बंद करावा, असं माझं मत. तुमचं?

खानापूरचा म्हातारा
पटत नाही, पोरी. विचारणारी माणसंच रात्री-अपरात्री गाडी काढून दवाखान्यात पोचवतात. पुण्यात कोण कुणाला विचारत नाही, म्हणून तिथं सुख आहे काय? ओटीची रीत बाळाच्या शुभासाठी, कुणाला हिणवायला नव्हे.

शहापूरकर
काका, गाडी काढणं वेगळं आणि कुशीची चौकशी वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये सांगितलंय, जगात साधारण सहातल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. दोष पुरुषातही असतो. मग शुभाच्या नावाखाली बाईच का बाजूला? बिनपोरांच्या पुरुषाला सत्यनारायणाला बसू नको म्हटलेलं ऐकलंय कुणी?

निपाणीचा एकजण
खरं नाव सांगत नाही. दोष माझ्यात होता. वीर्याची तपासणी केली तेव्हा कळलं, तेही लग्नानंतर पाचव्या वर्षी. तोवर बायकोनं सोळा सोमवार केले, सौंदत्तीला यल्लम्माला नवस बोलली, आईचं ऐकून घेतलं. रिपोर्ट आल्यावरही मी आईला काही बोललो नाही. आजही तिला वाटतं, सूनच तशी.

कडोलीची सासू
सगळं सासवांच्या माथी नका मारू की! मला विहिरीवर, भजनाला, बाजारात विचारतात, "पाळणा कधी?" मी काय सांगू? आणि दत्तक घ्या म्हणणाऱ्यांनो, परकं रक्त ते परकंच. उद्या भावकी शेतावर येऊन उभी राहते, तेव्हा तुम्ही येणार काय भांडायला?

शहापूरकर
मावशी, विचारणाऱ्यांना तुम्हीच एकदा झाडा ना. दत्तकाचं म्हणाल, तर आपल्या बेळगाव जिल्ह्यातलंच कित्तूर घ्या. 1824 साली दत्तक वारसाला इंग्रजांनी मान्यता नाकारली, म्हणून राणी चन्नम्मा लढली. बेळगावात तिच्या नावाच्या चौकातून रोज जाता, आणि दत्तक म्हटलं की नाक मुरडता. आता तर हिंदू दत्तक कायदाच आहे, 1956 चा. रीतसर दत्तक घेतलेल्या पोराला पोटच्या पोराचेच हक्क. भावकी काय करणार?

कडोलीची सासू
कायदा कोर्टात चालतो, बाळा. बांधावर भावकीच उभी असते.

खानापूरचा म्हातारा
हे मात्र बरोबर बोललात. पण निपाणीकर, आईला सांगा. ह्या बाबतीत मी तुमच्या बाजूला नाही.

निपाणीचा एकजण
माहीत आहे. जीभ रेटत नाही.

येळ्ळूरची सून
निपाणीच्या दादांचं काल ह्यांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, जेवून उठले. झोपताना दिव्याकडं बघत विचारलं, "त्याला उपाशी पोटी जावं लागतंय काय?"

निपाणीचा एकजण
नाही, पोटभर नाश्ता करून जाऊ दे. आधी दोन ते सात दिवसांचं पथ्य असतंय, कसलं ते डॉक्टर त्यांना सांगतील. तुम्ही सोबत गेलात तर बरं.