ठोका सापडत नाही तेव्हा
पोटातच बाळ गेल्याचं आईला सांगायची 'डॉक्टरांना सवय होते' असं लोक म्हणतात. बीड जिल्ह्यात अकरा वर्षं प्रसूती करतोय, मला झालेली नाही. सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाचा ठोका सापडत नाही तेव्हा आई स्क्रीनकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत असते. मी स्टूल ओढून बसतो आणि सरळ सांगतो, "ताई, बाळ गेलंय." नुसतं 'हालचाल नाही' म्हटलं की आशा उरते. उसाच्या फडावरून आलेली एक बाई म्हणाली, "पण पोटात हाय की अजून!" कळा सुरू करून प्रसूती करावी लागेल, दोन-चार दिवसांनी दूधही येईल, हे तिला सांगणं त्याहून जड गेलं. त्या रात्री सिस्टरसोबत लेबर रूमबाहेर बराच वेळ बसलो. दोघंही रडलो.